कल्पना कोणाची आणि धंदा कोणाचा?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी या गावात आयुष्यभर छापखाना चालवला, हे इथल्या ज्येष्ठांना मी सांगायला नको. निवडणुकीच्या दिवसांत दोन्ही बाजूंची पत्रके त्यांच्याच छापखान्यात जुळवली जायची, आणि एकाचा मजकूर दुसऱ्याला छापून वाटला जाईपर्यंत कळत नसे. या विश्वासावर त्यांचा धंदा चालला. आजच्या विषयाशी या गुणाचा फार जवळचा संबंध आहे, म्हणून मी हे निमंत्रण लगेच स्वीकारले.

मी वकिली करतो ती बहुतांशी छोट्या व्यावसायिकांची. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या पक्षकारांचे वय उतरत गेले आहे. विशी-तिशीतली मुलेमुली येतात. कोणाला शेतमालाच्या विक्रीचे ॲप काढायचे असते, कोणाला ऑनलाइन शिकवणी सुरू करायची असते, कोणाला घरगुती फराळ परदेशी पाठवायचा असतो. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: ‘सर, आयडिया सांगतो, पण कोणी ढापली तर?’ काही जण तर गोपनीयतेच्या कराराचा कागद माझ्यापुढे ठेवतात आणि सही होईपर्यंत तोंड उघडत नाहीत. त्यांच्या भीतीला मी हसत नाही. नोकरी सोडून, वडिलांची साठवण मोडून ही मुले उतरलेली असतात. पण त्यांचा पहारा चुकीच्या दारावर बसलेला असतो. परका माणूस येऊन कल्पना उचलून नेईल म्हणून ती जागी राहतात, आणि धंदा हातातून जातो तो घरातल्या, ओळखीतल्या, कामावर ठेवलेल्या माणसाच्या हातून; कारण त्याच्याशी कधी कागद झालेला नसतो. आज मला मुख्यतः हेच सांगायचे आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. दिल्लीत आर. जी. आनंद नावाचे एक वास्तुविशारद होते. ते नाटकेही लिहीत. १९५३ साली त्यांनी ‘हम हिंदुस्थानी’ हे नाटक लिहिले. एक पंजाबी कुटुंब, एक मद्रासी कुटुंब, त्यांच्या मुलामुलीचे प्रेम आणि आड येणारा प्रांताभिमान असा त्याचा विषय. नाटक चालले. एका चित्रपट दिग्दर्शकाने ते त्यांच्याकडून ऐकून घेतले, पुढे काही कळवले नाही, आणि १९५६ साली ‘न्यू देल्ही’ हा चित्रपट पडद्यावर आला. त्यातही प्रांताभिमान होता, दोन प्रांतांतल्या कुटुंबांमधले प्रेम होते. आनंद न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयात हरले, उच्च न्यायालयात हरले आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयातही हरले. मध्ये दोन दशके उलटली होती.

त्या निकालाचे सूत्र आजही चालते. कल्पना, विषय, कथासूत्र, ऐतिहासिक घटना यांवर कोणाचाही स्वामित्वहक्क नसतो. हक्क असतो तो मांडणीवर. दोन्ही कलाकृती पाहिलेल्या माणसाला दुसरी ही पहिलीचीच नक्कल आहे असे निःसंशय वाटले, तरच हक्काचा भंग झाला असे मानायचे. नाटकाच्या जागी आता ॲप ठेवा. ॲपचा सोर्स कोड १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार साहित्यकृती ठरतो आणि त्याची चोरी करता येत नाही. तुमचा मजकूर, छायाचित्रे, चित्रे यांनाही संरक्षण आहे. पण ‘नोकरदारांना घरच्या जेवणाचा डबा मोबाइलवरून मागवता यावा’ ही कल्पना तुमच्या आधीही कोणाची नव्हती आणि तुमच्यानंतरही कोणाची होणार नाही.

मग पेटंट घेऊ, असे मुले म्हणतात, आणि अमेरिकेचा दाखला देतात. तो दाखला खरा आहे. ग्राहकाचा पत्ता आणि कार्डाचा तपशील साठवून ठेवायचा आणि एका क्लिकमध्ये खरेदी पुरी करायची, या पद्धतीसाठी ॲमेझॉनने १९९७ साली अर्ज केला आणि १९९९च्या सप्टेंबरात त्यांना पेटंट मिळाले. पुढच्याच महिन्यात त्यांनी बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्या कंपनीवर दावा लावला. डिसेंबरात, ऐन नाताळच्या खरेदीत, मनाई हुकूम आला आणि त्या कंपनीला आपल्या ग्राहकांना आणखी एक क्लिक करायला लावावे लागले. २००१ साली वरच्या न्यायालयाने तो हुकूम उठवला, २००२ साली आपसात मिटले. ॲपलने मात्र पैसे मोजून परवाना घेतला होता. २०१७ साली पेटंटची मुदत संपली. अठरा वर्षे एका क्लिकवर मालकी सांगता आली, ही गोष्ट मला आजही पटत नाही. युरोपच्या पेटंट कार्यालयालाही ती पटली नाही. तिथे ते मिळाले नाही.

भारतात हा रस्ता मुळातच बंद आहे. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के) प्रमाणे गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, निव्वळ संगणक प्रणाली आणि अल्गोरिदम यांना शोध मानले जात नाही. संगणक प्रणालीच्या बाबतीत, तिच्यामुळे काही तांत्रिक परिणाम साधत असेल तर, वादाला जागा आहे. व्यवसायाच्या पद्धतीला ती सवलत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केले. तेव्हा ‘आयडिया पेटंट करून देतो’ असे सांगून पैसे घेणारा कोणी भेटला, तर तिथून उठून या.

कायद्याची ही भूमिका मला न्याय्य वाटते, आणि ते मी ठासून सांगतो. लोखंडी नांगर परदेशात आधीपासून होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तो बेळगावात आपल्याकडच्या मातीसाठी घडवला. लोखंडामुळे जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता आणि सुरुवातीचे नांगर बराच काळ पडून राहिले. तो समज मोडण्याचे काम किर्लोस्करांनी केले. लोखंडी नांगराच्या कल्पनेलाच कुलूप असते, तर १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली नसती. कल्पनेवर पहिल्याची मालकी मानली तर तिचा फायदा, ज्यांच्याकडे आधीपासून पैसा आणि वकील आहेत, त्यांनाच होतो. आज सांगलीच्या किंवा परभणीच्या पोराला जगातली कोणतीही कल्पना घेऊन आपल्या तालुक्यासाठी ती उभी करता येते. हे स्वातंत्र्य आपण गमावता कामा नये. आपल्या कल्पनेची कोणी नक्कल केली की आपल्याला दुःख होते, पण आपली कल्पना तरी सगळीच आपली कुठे असते?

धंदा कशाने टिकतो ते मला रेडबसच्या गोष्टीत सर्वांत स्वच्छ दिसते. २००५च्या दिवाळीत बंगळुरूत नोकरी करणाऱ्या फणींद्र सामा या तरुण अभियंत्याला घरी, हैदराबादकडे जायचे होते. बसचे तिकीट मिळेना. तो एका एजंटकडून दुसऱ्याकडे फिरला. त्याच्या लक्षात असे आले की बसमध्ये जागा नसतेच असे नाही. कोणत्या बसमध्ये किती जागा आहेत हे एका ठिकाणी कोणालाच ठाऊक नसते. प्रत्येक एजंटकडे त्याच्या वाट्याच्या जागा आणि त्या विचारायला फोन. ‘बसची तिकिटे इंटरनेटवर विकावीत’ ही कल्पना त्या दिवाळीत तिकिटासाठी वणवण केलेल्या हजारो लोकांच्या डोक्यात येऊन गेली असेल. ती लपवून काय मिळणार होते?

सामा आणि त्याच्या मित्रांनी २००६ साली काम सुरू केले, तेव्हा वेबसाइट तयार करणे हा त्यातला सोपा भाग ठरला. बसमालक त्यांना उभे करेनात. ज्याचा धंदा वर्षानुवर्षे एजंट आणि कागदी तक्त्यावर चालला आहे, त्याने या पोरांच्या हाती आपल्या जागा का द्याव्यात? मुले मालकांच्या ऑफिसात खेटे घालत राहिली, हाती आल्या तेवढ्या थोड्या जागा विकून दाखवत राहिली. पुढे त्यांनी बसमालकांसाठी एक वेगळी प्रणाली तयार केली. तिच्यात मालकाला आपल्या सगळ्या जागांचा हिशेब एका पडद्यावर दिसे, आणि कोणत्या मार्गाला किती मागणी आहे हेही कळे. म्हणजे प्रवासी ज्या वेबसाइटकडे पाहत होता, तिच्या मागे मालकाच्या टेबलावर दुसरीच एक गोष्ट जाऊन बसली होती. बसची तिकिटे विकणाऱ्या इतर वेबसाइट आल्या, येणारच होत्या. बाहेरून दिसणारी वेबसाइट कोणालाही चार आठवड्यांत उभी करता आली असती. शेकडो बसमालकांच्या टेबलावरची जागा मात्र उचलून नेता येत नव्हती. २०१३ साली इबिबो समूहाने रेडबस विकत घेतली.

याची दुसरी बाजू जर्मनीत दिसते. बर्लिनचे झामवर बंधू हे दुसऱ्यांच्या ऑनलाइन धंद्यांची हुबेहूब आवृत्ती काढण्याबद्दलच प्रसिद्ध होते. घरे भाड्याने देणाऱ्या एअरबीएनबीची नक्कल त्यांनी २०११ साली विम्डू या नावाने काढली, तिला ९ कोटी डॉलरचे भांडवल मिळाले, माणसे भराभर भरली गेली. एअरबीएनबीने ती विकत घ्यावी, हा हेतू उघड होता. एअरबीएनबीने नकार दिला आणि युरोपात स्वतः उतरायचे ठरवले. २०१८ साली विम्डू बंद पडली. मात्र नक्कल करणारे नेहमी हरतात, असे मी म्हणणार नाही. याच बंधूंनी १९९९ साली ईबेची नक्कल काढून काही महिन्यांत ती खुद्द ईबेलाच विकली होती. ज्या धंद्यात माल, माणसे, विश्वास असे मागे काही साठत नाही आणि सगळे काही पडद्यावरच दिसते, तो धंदा उचलला जातो. स्वतःच्या धंद्याबद्दल हा प्रश्न प्रत्येकाने लवकर विचारावा.

आता कायदा जिथे खरोखर मदत करतो तिकडे वळतो. पहिले नाव. आपल्याकडे डोमेन नावांसाठी स्वतंत्र कायदा नाही, पण २००४ साली सिफी कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मिळते. त्याआधी २००२ साली दिल्ली उच्च न्यायालयाने नौकरी डॉट कॉमच्या बाजूने, एका अक्षराचा फरक करून घेतलेल्या डोमेनविरुद्ध मनाई दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली शादी डॉट कॉमच्या तक्रारीवरून ‘शादीहीशादी’ नावाने त्यांचे गिऱ्हाईक वळवून नेणाऱ्याला रोखले. हे वाचून पोरांना वाटते की साधा, रोजचा शब्द घेतला तरी चालतो. तसे नाही. या कंपन्यांनी तो शब्द वर्षानुवर्षे वापरून, जाहिरातीवर पैसा ओतून आपला केला होता. आपल्या मुंबईच्याच बुकमायशोने ‘बुकमायस्पोर्ट्स’विरुद्ध धाव घेतली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ साली अंतरिम मनाई नाकारली. ‘बुकमाय’ हे शब्द सेवेचे वर्णन करतात, त्यांवर एकट्याला हक्क सांगता येणार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. म्हणून नव्या माणसाला माझा सल्ला असा असतो: धंदा काय आहे ते सांगणारे नाव ठेवू नका. तुमच्या आजीच्या गावाचे, शेतातल्या झाडाचे, कशाचेही ठेवा, पण त्या व्यवसायात कोणी वापरत नाही असे. व्यापारचिन्हाची नोंदणी व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जावर एका वर्गासाठी ४,५०० रुपयांत करता येते आणि ती १० वर्षे चालते. इतक्या कमी पैशांत इतके पक्के कवच दुसरे कुठले मिळत नाही.

यापुढची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. सातारा जिल्ह्यातल्या एक बाई भाजणी, मेतकूट, लाडू, चिवडा असा माल ऑनलाइन विकतात. त्यांची कल्पना चांगली होती: परगावी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना दर महिन्याला ठरलेला डबा पाठवायचा, पैसे वर्षाचे आगाऊ. माझ्याकडे त्या पहिल्यांदा आल्या त्या शेजारच्या गावातल्या एका स्पर्धकाची तक्रार घेऊन. त्याने मासिक डब्याची योजना जशीच्या तशी उचलली होती, वर त्यांच्या वेबसाइटवरचे फोटोही लावले होते. मी म्हटले, योजना उचलली त्याला इलाज नाही, फोटोंना मात्र आहे. फोटो कोणी काढले? ‘भाच्याने.’ पैसे देऊन? ‘छे हो साहेब, घरचाच पोरगा.’ पैसे देऊन काढून घेतले असते तर त्या फोटोंच्या मालक त्या ठरल्या असत्या. फुकट काढले, म्हणून मालक भाचा. त्याच्याकडून दोन ओळींचा हक्क हस्तांतराचा कागद लिहून घेतला, स्पर्धकाला नोटीस गेली, फोटो उतरले. डब्याची योजना दोघांचीही चालू राहिली. बाईंचे गिऱ्हाईक फारसे तुटले नाही, कारण भाजणी त्यांचीच चांगली होती.

दुसऱ्यांदा त्या आल्या तेव्हा दिवाळी तोंडावर होती आणि वेबसाइट बंद पडली होती. उघडली की खाते स्थगित केल्याचा कोरा पडदा. ज्याने ती तयार केली त्याच्याशी पैशांवरून बिनसले होते. बाईंनी प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढले: एका पानाचे कोटेशन, पैसे पाठवल्याच्या पावत्यांच्या प्रती आणि व्हॉट्सॲपवरच्या संदेशांची चळत. ‘हो ताई, करतो’, ‘ताई, उद्या नक्की’, ‘ताई, सर्व्हरचे बघतो’. करार नव्हता. मी विचारले, डोमेन कोणाच्या नावावर आहे? ‘माझ्याच धंद्याचे नाव आहे की ते.’ मग नूतनीकरणाची पत्रे कोणाच्या ईमेलवर येतात? बाई थांबल्या. तशी पत्रे त्यांना कधी आलीच नव्हती.

कायदा इथे बाईंच्या बाजूने नव्हता. पगारी नोकराने नोकरीचे काम म्हणून कोड लिहिला तर तो मालकाचा असतो. बाहेरच्या माणसाला काम दिले तर कोडवरचा स्वामित्वहक्क लिहिणाऱ्याचाच राहतो, तुम्ही पूर्ण पैसे दिलेत तरीही. वापरायची परवानगी गृहीत धरता येते, मालकी धरता येत नाही. मालकी हवी तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीचे हस्तांतर हवे. आणि त्यातही मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरते धरले जाते. दुबईला आणि न्यू जर्सीला डबे पाठवणाऱ्या बाईंना ‘जगभर’ हा एक शब्द किती मोलाचा होता, ते पाहा. शेवटी त्या माणसाशी तडजोड केली, मागितलेले पैसे देऊन डोमेन आणि कोड लिहून घेतला. तोवर दिवाळी निघून गेली होती. ज्या स्पर्धकाला त्या भीत होत्या, त्याने दोन वर्षांत केले नव्हते तेवढे नुकसान वेबसाइट बंद होती त्या तीन आठवड्यांत झाले.

असेच नोकरांचे आणि भागीदारांचे. भागीदारीबद्दल मी एकच वाक्य बोलतो: कॉलेजातली मैत्री कितीही घट्ट असली तरी कोणाचा किती वाटा, आणि मधेच सोडून गेल्यास त्या वाट्याचे काय, हे पहिल्या रुपयाआधी लिहून ठेवा. नोकरांच्या बाबतीत कायदा लोकांना वाटतो त्याहून वेगळा आहे. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यात टायरच्या धाग्याचे तंत्र हॉलंडच्या कंपनीकडून गुप्ततेच्या अटीवर आले होते. एका शिफ्ट सुपरवायझरने ५ वर्षांचा करार केला, आणि मुदतीआधीच, १९६४ साली, तो कोट्याच्या प्रतिस्पर्धी कंपनीत जास्त पगारावर गेला. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने कराराच्या मुदतीपुरता त्याला तिथे काम करण्यास केलेला मज्जाव कायम ठेवला. मात्र करार संपल्यानंतरचे बंधन टिकत नाही. १८७२च्या करार कायद्याचे कलम २७ तसे सांगते. आपल्या श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू झहीर खानला त्याच्या जाहिरात-व्यवस्थापक कंपनीने मुदत संपल्यावरही बांधून ठेवायचा प्रयत्न केला, तेव्हा २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्दबातल ठरवली. तेव्हा ‘सोडून गेल्यावर दोन वर्षे असा धंदा करणार नाही’ असे पोरांकडून लिहून घेण्यात अर्थ नाही, आणि माणुसकीही नाही. पोटासाठी तो दुसरीकडे जाणारच.

जाताना त्याने ग्राहकांची यादी नेऊ नये, एवढे मात्र नक्की बघता येते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय संगणकातली माहिती उतरवून घेण्याला भरपाईस पात्र ठरवते, आणि ते अप्रामाणिकपणे केले तर कलम ६६ प्रमाणे ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण हे सिद्ध करायला कोणाला कशाची परवानगी होती याची नोंद लागते. पाच माणसे एकच पासवर्ड वापरत असतील तर न्यायाधीशापुढे काय ठेवणार?

आता छापखान्याच्या गुणाकडे येतो. कल्पनेला मालक नाही, हे खरे. पण विश्वासाने सांगितलेली गोष्ट विश्वासाने सांभाळावी, हे बंधन न्यायालये मानतात. २००३ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे असा खटला आला. सनडायल या निर्मिती संस्थेने कृष्णाच्या बालरूपावर बेतलेल्या मालिकेची लेखी टिपणी झी वाहिनीला विश्वासाने दिली होती. पुढे वाहिनीने मिळतीजुळती मालिका स्वतःच आणायची तयारी केली. खंडपीठाने मनाई कायम ठेवली. तिथे कल्पना मोघम नव्हती. पात्रे, प्रसंग, रचना असा तपशील कागदावर होता, कोणी कोणाला कधी दिला याचा पुरावा होता. याउलट ‘झोंबिवली’ चित्रपट रोखावा म्हणून २०२१ साली दावा आला, तेव्हा त्याच न्यायालयाने नकार दिला. वस्तीत झोंबी शिरतात, एवढ्या कल्पनेवर कोणाचाही एकट्याचा हक्क नाही. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा. गुंतवणूकदाराला किंवा मोठ्या कंपनीला भेटायला जाताना काय न्यायचे ते त्यांतून समजते: तारीख घातलेला, तपशिलाचा कागद, ‘हे गोपनीय आहे’ असे वर स्पष्ट लिहून, ईमेलने पाठवलेला. आणि खरे गुपित, म्हणजे भाव, पुरवठादार, कोडमधले मर्म, घरी ठेवायचे. गुंतवणूकदार सहसा गोपनीयतेच्या करारावर सही करत नाहीत, त्याचा राग मानू नका. ते रोज तसल्याच कल्पना ऐकत असतात.

एका ठिकाणी मात्र माझे समाधान कायद्याने होत नाही. छोटा विक्रेता आज मोठ्या ऑनलाइन बाजारात आपला माल मांडतो. कोणता माल कुठे, किती भावाने, कोणत्या आठवड्यात खपतो हे सगळे त्या बाजाराच्या मालकाला दिसते, आणि तोच मालक स्वतःचाही माल विकतो. इथे नक्कल करायला चोरी करावी लागत नाही, नुसता स्वतःचा हिशेब पाहावा लागतो. युरोपीय आयोगाने या प्रश्नावर ॲमेझॉनची चौकशी केली आणि २०२२च्या डिसेंबरात, विक्रेत्यांची खासगी माहिती स्वतःच्या किरकोळ विक्रीसाठी वापरणार नाही, अशी बांधीलकी कंपनीकडून घेतली. मोठ्या डिजिटल कंपन्यांसाठी असे बंधन आता तिथल्या कायद्यातच आहे. पैठणी, हळद, कोल्हापुरी चप्पल ऑनलाइन विकणाऱ्या आपल्या माणसालाही तेवढेच स्पष्ट संरक्षण मिळायला हवे.

व्यापारी गुपितांसाठीही आपल्याकडे अजून स्वतंत्र कायदा नाही. करार कायदा आणि न्यायालयांचे जुने निकाल यांवरच भागवावे लागते. केंद्रीय विधी आयोगाने मार्च २०२४ मधल्या आपल्या २८९व्या अहवालात अशा कायद्याची शिफारस केली आणि मसुदाही जोडला. आपल्या खासदारांना त्याबद्दल विचारा. हा विषय फक्त बंगळुरूच्या मोठ्या कंपन्यांचा नाही.

या सभागृहात व्यापारी संघाची माणसे बसली आहेत, त्यांना माझी विनंती आहे. वेबसाइट तयार करणाऱ्याशी करायचा करार, भागीदारांमधला करार, नोकराचे गोपनीयतेचे पत्र आणि फोटोंच्या हक्काचे हस्तांतर, असे चार नमुने सोप्या मराठीत छापून घ्या आणि गावच्या वाचनालयात ठेवा. मसुदे मी विनामूल्य करून देईन. आणि ज्यांचा धंदा आज इंटरनेटवर चालतो त्यांनी आज रात्रीच आपला ईमेल उघडून पाहावे. डोमेनच्या नूतनीकरणाची सूचना तुमच्या पत्त्यावर येत नसेल, तर उद्या सकाळी पहिला फोन वेबसाइट बनवणाऱ्याला करा, आणि संबंध चांगले आहेत तोवरच नाव आपल्याकडे करून घ्या.